ब्रास बँड म्हणजे लष्करी बँड? नव्हे!

ब्रिटिश ब्रास बँड म्हणजे पलटणीचा बँड, हा समज जुना आहे. गणवेश, झळाळती पितळी वाद्यं बघून तसं वाटणारच. पण लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट, बासरीही असतात. इथे एकही नाही. इतकंच काय, ट्रम्पेटही नाही! ती जागा कॉर्नेटची, म्हणजे ट्रम्पेटच्याच जातीच्या, पण आटोपशीर वाद्याची. सोबत टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि तालवाद्यं.

हे बँड वाढले ते उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांत आणि कोळसाखाणींत. यॉर्कशरमधल्या क्वीन्सबरीचा ब्लॅक डाइक हा कापड गिरणीचा बँड, तर ग्राइमथॉर्प खाणीचा. दिवसभर राबून रात्री तालमीला येणारे हे हौशी वादक. एक व्यवहारी युक्ती बघा: बेस ट्रॉम्बोन सोडला, तर सगळ्या सुरेल वाद्यांचं स्वरलेखन एकाच, ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कागदावरच्या कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे सांगणारं चिन्ह). म्हणून कॉर्नेटवाला उद्या युफोनियम उचलू शकतो.

आणि ‘हौशी’ला हसू नका. १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यूमध्ये त्यांच्या चुरशीच्या स्पर्धा भरत. होल्स्ट आणि एल्गार या नामवंत इंग्रज संगीतकारांनी अनुक्रमे १९२८ आणि १९३० मध्ये खास स्पर्धेसाठी रचना लिहिल्या. ग्राइमथॉर्पने १९९२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा खाण बंद होणार हे जाहीर होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. खाण गेली, बँड अजून वाजतो.