गुलाबी बोंडअळीची झोप आणि खान्देशातला कापूस

जानेवारी-फेब्रुवारीत चोपडा, अमळनेर, धरणगाव, कुठल्याही शिवारात उभ्या पऱ्हाटीवरचं, म्हणजे कापसाच्या झाडावरचं, एखादं किडून नीट न उमललेलं, कवडी झालेलं बोंड फोडून बघा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतील, नखाने उकलल्या की आत गुलाबी अळी वेटोळं करून बसलेली, ढोसलं तरी जेमतेम हलते. ती मेलेली नाही, आजारीही नाही, तिने फक्त खर्च बंद केलाय. अंगातल्या चरबीवर, ऑक्सिजन अगदी कमी वापरत, एक घास न खाता ती कडक उन्हाळा काढते.

लहान जिवांना असं काही करावंच लागतं. शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मधे प्राण्यांचं वजन आणि ऊर्जेचा खर्च यांचं गणित मांडलं, त्या हिशोबाने उंदराचं एक ग्रॅम शरीर हत्तीच्या एका ग्रॅमपेक्षा साधारण वीसपट ऊर्जा जाळतं. किड्यांना अंग गरम ठेवायचा खर्च नसतो हे खरं, पण साठाही इवलासाच असतो ना, मग खायला नसेल त्या दिवसांत थांबणं हाच उपाय.

हे थांबणं माणसाच्या लक्षात यायला वेळ लागला. फ्रान्सचे निसर्गअभ्यासक रेओम्युर यांनी १७३० च्या दशकात फुलपाखरांचे कोष थंड जागी ठेवून बघितले तर ते कितीतरी उशिरा उघडले, म्हणजे आयुष्याचा वेगच कमी करता येतो हे दिसलं. या थांबण्यासाठी 'डायपॉज' हा शब्द कीटकशास्त्रज्ञ विल्यम व्हीलर यांनी १८९३ मधे वापरला, तोही किड्याच्या अंड्यातल्या वाढीबद्दल, पुढे तो अळी, कोष सगळ्यांनाच लागू झाला. मग १९२० च्या दशकात कळलं की काही किडे दिवसाची लांबी ओळखतात, आणि मला तर यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, कारण संकट आल्यावर थांबणं वेगळं आणि खायला भरपूर असतानाच पुढचं ओळखून साठा करून थांबणं वेगळं.

आपली बोंडअळी शास्त्राच्या कागदावर आली ती १८४३ मधे, कीटक अभ्यासक सॉन्डर्स यांनी गुजरातमधल्या भरूचच्या कापसावरचे नमुने बघून तिचं वर्णन केलं. भरूच म्हणजे नवापूरहून गाडीने काही तासांचा रस्ता. पावसाळा संपून दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, बोंडातली सरकी तेलाने भरते, तेव्हा शेवटच्या पिढ्यांतल्या बऱ्याच अळ्या कोषात न जाता सरकीतच थांबतात. पुढे दिवस मोठा झाला, ऊब आणि ओल मिळाली की जागं व्हायचं. बाहेर पडलेला पतंग फार तर काही आठवडे जगतो आणि तेवढ्यात शेतात कापसाला पाते-फुलं नसतील तर त्याची पिढी तिथेच संपते, म्हणजे एवढी काटकसर करूनही तारीख चुकली तर सगळंच गेलं.

पूर्वी कोरडवाहू कापूस मृगाचा पाऊस पडल्यावर लागायचा, त्यामुळे मधे चांगला खंड पडायचा. मग ठिबक आलं, मे महिन्यातली लागवड आली, भाव बरा दिसला की फरदड (वेचणी झाल्यावर पाणी देऊन पुन्हा राखलेला कापूस) मार्चपर्यंत उभी राहायला लागली. २००२ मधे बीटी (झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होईल असं जनुक घातलेलं बियाणं) आलं, २००६ मधे दोन जनुकांचं बीटी, काही वर्षं डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल) दिसेनाशी झाली आणि आपण निर्धास्त झालो. अळीने दोन्हीला दाद देणं थांबवलं आणि २०१७ मधे महाराष्ट्रात या अळीने कापसाचं जे नुकसान केलं ते सगळ्यांनी भोगलंय. दोष एकट्या बियाण्याचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. उशिरापर्यंत फरदड आणि लवकर लागवड करून आपणच तिचा उपास मोडला.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत कापूस संपवा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, जिनिंगमधे (सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे लावा, जूनआधी लागवड नको, या सगळ्या सूचना त्या झोपेच्या अभ्यासातूनच आल्यात. अमेरिकेने पीक वेळेत काढणं, बीटी, कामगंध आणि नपुंसक पतंग सोडणं हे सगळं एकत्र वापरून २०१८ मधे ही अळी तिथल्या कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे दोन-चार एकरांची शेतं, पऱ्हाटी चुलीला लागते, आणि एकाने वेळ पाळली तरी शेजारच्या बांधावरचा ढीग मेमधे पतंग सोडतोच, त्यामुळे हे काम एकट्या शेतकऱ्याचं नाही, अख्ख्या शिवाराने एकाच वेळी करायचं आहे.