‘अर्ध्या गोळीनं काय होतंय?’

गणपतीच्या गाडीत झोप लागावी म्हणून चाकरमानी अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी अर्धी घेतो. गावी पोचल्यावर तीच स्ट्रिप डोळा न लागणाऱ्या आजोबांच्या उशाशी जाते. अर्ध्या गोळीनं काय होतंय? निरोगी तरुण माणूस एकट्या गोळीने सहसा दगावत नाही हे खरं, पण त्याचं कारण समजून घ्यायला हवं.

मेंदूतल्या पेशींवर क्लोराइडची दारं असतात, प्रत्येक दार पाच तुकड्यांचं. गाबा हे रसायन चिकटलं की दार उघडतं, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं, पेशी शांत होते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम ही मंडळी स्वतः दार उघडत नाहीत. अल्फा आणि गॅमा या तुकड्यांमधल्या खाचेत बसून ती गाबाला मदत करतात, त्यामुळे दार वरचेवर उघडतं. गाबाच नसेल तर त्यांचं काही चालत नाही. म्हणजे लगाम मेंदूच्या हातात! बार्बिट्युरेटं ही झोपेची जुनी औषधं दार जास्त वेळ उघडं धरत आणि मोठ्या डोसला गाबाशिवायही उघडत. म्हणून ती जीव घेत.

दारू पोटात गेली की हा लगाम सुटतो. तीही याच दारांवर काम करते, शिवाय पेशींना जागवणारं ग्लुटामेट दाबते. कोडीन, ट्रामाडोल, मॉर्फिन ही अफूच्या जातीची वेदनाशामकं मेंदूच्या खोडातलं श्वासाचं केंद्रच मंदावतात. ही वेदनाशामकं आणि या गोळ्या या जोडीबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2016 मध्ये आपला सर्वांत कडक इशारा दिला.

कोकणातली जोडी निराळी. पावसाळ्यात नायटा घरोघरी, त्यावर इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध. हे औषध यकृतातलं अल्प्राझोलाम मोडणारं सीवायपी3ए4 हे विकर (एन्झाइम) अडवतं आणि अल्प्राझोलामचं शरीरातलं प्रमाण अडीच पटींहून वर जातं. ही दोन एकत्र घ्यायचीच नाहीत.

डायझेपामचं अर्धं प्रमाण रक्तातून जायला विशीत साधारण 20 तास लागतात, ऐंशीत 90 च्या आसपास. रोजच्या गोळ्या साचत जातात. मग आजोबा बरळतात, रात्री अंगणात पडतात, खुबा मोडतो. देवाला गाऱ्हाणं घालायला गावच्या घाड्याला बोलावण्याआधी उशाखालची स्ट्रिप बघा.

दम्यासारखे फुप्फुसांचे जुने आजार, झोपेत श्वास अडकणं, स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस, अचानक दाब वाढणारा काचबिंदू, खराब यकृत, गरोदरपण: यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. भारतात अल्प्राझोलाम 2014 पासून एच1 या कडक नियमांच्या औषध-यादीत आहे, चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. आणि महिनोन्‌महिने रोज घेतलेली गोळी एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडा थोडा उतरवावा लागतो.