ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तरी धाप का लागते?

कोविडमधून बरे झालेल्या अनेकांची तक्रार एकसारखी होती. घरात बसल्यावर काही त्रास नाही, ऑक्सिमीटरवर ९७-९८, एक्स-रेही निवळलेला. पण दोन जिने चढले की मध्येच थांबावं लागतं. मग घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट तर चांगले आहेत, तू उगाच मनावर घेतोस.’ अशा माणसांवर अन्याय झाला, असं मला ठामपणे वाटतं. कारण रिपोर्ट चांगला आणि दम अपुरा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात आणि प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं जाळं. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ. आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा रक्तातली तांबडी पेशी हे जाळं साधारण पाऊण सेकंदात पार करते. निरोगी फुप्फुसात त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच तिच्यात ऑक्सिजन पुरेपूर भरतो. म्हणजे अर्धा सेकंद राखीव. आता न्यूमोनियाने हा पडदा सुजला, जाड झाला आणि ऑक्सिजन भरायला अर्धा सेकंद लागू लागला, तरी बसलेल्या माणसाचं भागतं. जिना चढू लागलो की हृदय रक्त जोराने ढकलतं आणि पेशीला मिळणारा वेळ पाव सेकंदाच्या आसपास येतो. राखीव वेळ आधीच खर्ची पडलेला असतो, त्यामुळे पेशी अर्धवट भरूनच पुढे निघून जाते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने लोकांना सहा मिनिटं चालून पुन्हा ऑक्सिजन मोजायला सांगितलं होतं, त्यामागचं शास्त्र हेच. छातीच्या विकारांत ही चाचणी पूर्वीपासून वापरली जाते. सपाट, सरळ जागेत सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं आणि चालताना ऑक्सिजन किती उतरतो, हे बघायचं. यंत्र लागतं ते एवढुसं, पण माहिती मोलाची मिळते.

बहुतेकांना माहीत असते ती स्पायरोमेट्री, नळीत जोरात फुंकण्याची तपासणी. हवा किती आत-बाहेर होते आणि किती वेगाने, हे ती सांगते. आत गेलेल्या हवेतला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचतो का, हे मात्र ती सांगत नाही. टाकी भरलेली असून नळाला पाणी नसावं, तसं इथे होऊ शकतं. त्यासाठी ‘डीएलसीओ’ ही वेगळी तपासणी आहे, आणि तिची मूळ पद्धत डेन्मार्कच्या मारी क्रोग यांनी १९१५ मध्ये मांडली. फुप्फुसं ऑक्सिजन स्वतःहून रक्तात ढकलतात, असं त्या काळी ख्रिश्चन बोर यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ मानत. मारी आणि त्यांचे पती ऑगस्ट क्रोग यांनी दाखवून दिलं की वायू आपोआप, दाबाच्या फरकाने पडद्यापार जातो. हे मोजायला मारी यांनी वापरला कार्बन मोनॉक्साइड. हा विषारी वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे पडद्यापलीकडे गेलेला रेणू सहसा परत येत नाही. आजही रुग्णाला त्याचा अगदी थोडा, निर्धोक अंश असलेली हवा आत घेऊन दहा सेकंद श्वास रोखायला सांगतात. बाहेर सोडलेल्या हवेत जेवढा वायू कमी भरला, तेवढा रक्तात गेला.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी पहिल्या लाटेतल्या २०७ रुग्णांना आजारानंतर साधारण दोन महिन्यांनी या सगळ्या तपासण्यांतून नेलं. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ टक्के लोकांत वायू रक्तात जाण्याची क्षमता घटलेली आढळली. ३५ टक्क्यांत फुप्फुसं पुरेशी फुलत नव्हती, तर श्वासनलिकांच्या अडथळ्याचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं. युरोप आणि चीनमधल्या रुग्णांपेक्षा आपल्याकडची घट जास्त दिसली. मला यात एक अडचण खुपते. आजारापूर्वी या लोकांची फुप्फुसं कशी होती, ते कुणी मोजलेलंच नव्हतं. चुलीचा धूर, रस्त्यावरची धूळ, जुना क्षय यांचा वाटा किती आणि विषाणूचा किती, हे वेगळं काढणं म्हणूनच अवघड जातं. चाळिशीनंतर रक्तदाब जसा सहज मोजतात, तशी स्पायरोमेट्रीही एकदा करून ठेवायला हवी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. डीएलसीओ हिमोग्लोबिनवरही अवलंबून असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन लक्षात न घेता आकडा वाचला तर रक्ताची कमतरता फुप्फुसाच्या माथी मारली जाईल, आणि लोहाच्या गोळ्यांनी सुटणारा त्रास तसाच राहील.

मोजण्याची दुसरी बाजू आहे जगण्याची. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरतात: अंघोळीला, कपडे घालायला वेळ लागतो का, चढण चढवते का, चारचौघांत खोकल्याचा संकोच वाटतो का. गुण शून्य ते शंभर. जितके जास्त तितकं जगणं अवघड. हे गुण आणि डीएलसीओ नेहमी जुळत नाहीत. डीएलसीओ घटलेला एखादा बैठं काम करणारा माणूस मजेत असतो, तर डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला तेवढीच घट कामावरून घरी बसवते. आणि आकडे उत्तम असूनही कुणी दमत असेल, तर अंथरुणात आठवडे काढल्याने झिजलेले स्नायू, हृदय, झोप, बिघडलेली श्वासाची लय, सगळंच तपासायला हवं. दमणं खरंच आहे, त्याचं कारण फक्त दुसरीकडे आहे.

भरून किती येतं? कोविडच्याच जातकुळीतल्या विषाणूने होणाऱ्या सार्स या आजाराची २००३ मध्ये लागण झालेल्या ७१ जणांचा बीजिंगमध्ये पंधरा वर्षं पाठपुरावा झाला. फुप्फुसातले डाग मुख्यतः पहिल्या वर्षात ओसरले. पुढे फारसा फरक पडला नाही. वायुकोशाच्या आतलं अस्तर नव्याने तयार होऊ शकतं. मात्र ते ज्या पायावर उभं असतं तोच उद्ध्वस्त झाला, तर तिथे व्रण राहतो. म्हणून पहिलं वर्ष वाया घालवू नये. श्वसन पुनर्वसनात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणं, पायांचे व्यायाम आणि श्वासाचं तंत्र शिकवतात. व्रण त्याने जात नाही, पण तेवढ्याच फुप्फुसावर जास्त चालता येऊ लागतं. काहींना मात्र थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होतं. त्यांनी व्यायाम नेटाने वाढवत नेऊ नये; दिवसाची कामं तुकड्यांत वाटून मध्ये विश्रांती घ्यावी आणि हे लक्षण डॉक्टरांना आधी सांगावं.