उत्तर कॅसेटच्या बाहेर होतं

ऐंशीच्या दशकातले प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत आणि खड्डे चुकवत पुढे जायचे खेळ, आज पुन्हा सहज हाती लागतात. निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर वर्गणी भरली की १९८६चा पहिला 'मेट्रॉइड' दोन मिनिटांत सुरू होतो. चुकलं तर खेळ मागे सरकवता येतो, हवा तिथे सेव्ह करता येतो. तरी आजची पोरं अर्ध्या तासात तो बंद करतात आणि कारण एकच सांगतात: करायचं काय तेच कळत नाही.

तक्रार खरी आहे. चुकलेली उडी मागे सरकवून सुधारता येते, पण कुठली भिंत फोडायची हेच ठाऊक नसेल तर मागे सरकून उपयोग काय? त्यावरून जो निकाल दिला जातो तो मात्र मला पटत नाही. 'तेव्हा खेळ कसा रचायचा हेच कळत नव्हतं' असं म्हणून सगळे खेळ एकाच पोत्यात भरले जातात. हे खेळ कोड्यात का बोलायचे याची कारणं वेगवेगळी होती. त्यातली काही आजही मान्य करावी लागतात आणि काही तेव्हाही मान्य करण्यासारखी नव्हती.

पहिलं कारण जागेचं. अटारी २६०० या यंत्रात खेळ चालू असताना वापरायची मेमरी होती १२८ बाइट. १९८२ साली डेव्हिड क्रेनने त्यावर 'पिटफॉल' केला, तो अवघ्या ४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये. एवढ्यात जंगलाचे २५५ पडदे बसवले. ते साठवलेले नव्हतेच. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढायचं गणित होतं आणि प्रत्येक आकड्यातून एक पडदा उभा राहायचा: इथे विंचू, इथे मगरी, इथे वेल. सूचना लिहायला जागाच नव्हती. वीस मिनिटांत ३२ खजिने शोधायचे. वरून पळत सुटलात तर वेळ पुरत नाही, कारण भुयारात उतरून एक पडदा ओलांडला की वरचे तीन पडदे मागे पडतात. पडद्यावर हे कुठेही सांगितलेलं नाही. पण खाली उतरून दोनदा वर आलात आणि कागदावर पडद्यांची रांग मांडलीत की आपोआप लक्षात येतं. म्हणून मी 'पिटफॉल'ला अवघड म्हणेन, पण लबाड म्हणणार नाही. उत्तर खेळातच आहे, फक्त पेन्सिल लागते.

दुसरं कारण जपानमधल्या गेम पार्लरांत घडलं आणि पुढच्या दहा वर्षांवर त्याची छाया पडली. मासानोबू एन्दोचा 'टॉवर ऑफ ड्रुआगा' १९८४ साली नामकोने काढला. तो भूलभुलैयाचा खेळ आहे, प्लॅटफॉर्म गेम नाही, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. साठ मजल्यांचा मनोरा. जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक लपलेली पेटी, आणि ती दिसण्याची अट प्रत्येक मजल्याला वेगळी. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे स्लाइम मारले की पेटी येते. पुढे अटी अशा विचित्र होत जातात की एकट्या माणसाला आयुष्यभर सुचणार नाहीत, आणि काही पेट्या चुकल्या तर शेवट गाठताच येत नाही. एकट्याने घरी बसून खेळलं तर हा शुद्ध छळ आहे.

पण तो एकट्याने खेळायचा नव्हताच. यंत्राभोवती घोळका असायचा. एकाला एका मजल्याची अट सापडली की ती सगळ्यांची व्हायची. पार्लरमध्ये वह्या ठेवलेल्या असत आणि लोक त्यात आपले शोध लिहून जात, पुढचा माणूस त्यात भर घालायचा. गुपित फोडणं हे त्या सगळ्या खोलीचं काम होतं. खेळ रचणाऱ्याने हा घोळका गृहीत धरला होता. आज एमुलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, तोच खेळ उघडला की पडदा तोच असतो, पण खोली नसते.

हीच सवय घरात शिरली. निन्टेंडोचं फॅमिकॉम हे घरी टीव्हीला जोडायचं यंत्र जुलै १९८३मध्ये आलं, 'सुपर मारिओ ब्रदर्स' सप्टेंबर १९८५मध्ये. अख्खा मारिओ ४० किलोबाइटचा. त्याची तोकुमा शोतेन प्रकाशनाची मार्गदर्शक पुस्तिका त्या काळात जपानमधल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत होती. त्याच प्रकाशनाच्या फॅमिकॉम मासिकात गुपितांच्या पानावर एखादं गुपित मुद्दाम खोटं छापलेलं असायचं आणि ते ओळखणं हाच वाचकांचा खेळ असायचा. अशा वातावरणात खेळ रचणारा माणूस 'हे कुणाला कळणार कसं?' या काळजीत नसतो. कळेलच, शाळेत मधल्या सुट्टीत कळेल, असं तो धरून चालतो.

मारिओतही हे आहे, आपण विसरतो एवढंच. चौथ्या आणि सातव्या जगातले शेवटचे किल्ले आठवा. वरून जायचं की खालून, हे चुकलं की तोच रस्ता पुन्हा समोर येतो, पुन्हा येतो, आणि वरचं घड्याळ उतरत राहतं. चुकलात हे खेळ सांगतच नाही. १९९३ साली निन्टेंडोने मारिओचे हे खेळ सुपर फॅमिकॉम या पुढच्या यंत्रासाठी नव्याने काढले तेव्हा बरोबर वाटेला एक आवाज दिला आणि चुकीच्या वाटेला दुसरा. रस्ता तोच, कोडं तेच. भर पडली ती दोन आवाजांची, आणि तेवढ्यानेच चीड जाऊन कुतूहल आलं.

मेट्रॉइडबद्दल मला जास्त आस्था आहे, म्हणून थोडं थांबतो. मारिओने सगळ्यांना उजवीकडे पळायला शिकवलं होतं. मेट्रॉइड सुरू झाला की त्याची नायिका सॅमस मध्यभागी उभी असते. उजवीकडे गेलात की थोड्याच वेळात एक बुटकी फट आडवी येते, तीत ती मावत नाही. मग परत फिरावं लागतं. जिथून निघालात त्याच्या डावीकडे गेलात की चेंडूसारखं गुंडाळून घ्यायची शक्ती मिळते आणि ती फट उघडी होते. एक अक्षर न लिहिता खेळाने सांगितलं: या जगात मागे यावं लागेल. चाळीस वर्षांनंतरही यापेक्षा सुबक सुरुवात मला फारशी आठवत नाही.

पुढे मात्र तोच खेळ तोल सोडतो. एकसारखे बोगदे, नकाशा नाही, आणि काही वाटा अशा विटांमागे की शेजारच्या विटेत आणि तिच्यात काडीचाही फरक दिसत नाही. प्रत्येक भिंतीला बॉम्ब लावत बसणं म्हणजे शोध नव्हे. हे दुखणं रचणाऱ्यांनाही जाणवलं असावं. पहिल्या खेळावर काम केलेल्या योशिओ साकामोतोने १९९४मध्ये 'सुपर मेट्रॉइड' दिग्दर्शित केला. त्यात नकाशा आला, भिंतीआडचं दाखवणारी दुर्बीण आली, आणि एका खोल दरीत तीन छोटे प्राणी आले. ते भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत वर जातात. आपण खाली अडकलेले असतो, त्यांच्याकडे बघत राहतो, आणि बघता बघता शिकतो. ज्याला आपण आजचे निकष म्हणतो ते बाहेरून कुणी आणून लादलेले नाहीत. याच माणसांनी, याच खेळांच्या चुकांतून ते घडवले.

अमेरिकेत गेल्यावर या खेळांभोवतीचं सगळं बदललं. पार्लरमधली वही मागे राहिली आणि तिच्या जागी आली माहितीपुस्तिका, जुलै-ऑगस्ट १९८८पासून निघालेलं 'निन्टेंडो पॉवर' मासिक, आणि फोन केला की अडलेलं सांगणारे निन्टेंडोचे सल्लागार. पुस्तिकेचं मोल किती होतं हे एका खटल्यावरून कळतं. १९८९मध्ये निन्टेंडोने ब्लॉकबस्टर या भाड्याने व्हिडिओ देणाऱ्या साखळीला कोर्टात खेचलं, ते पुस्तिकांच्या फोटोकॉपी काढून दिल्याबद्दल. कॅसेट भाड्याने घेणाऱ्याला पुस्तिकेशिवाय खेळणं जड जात होतं, म्हणून तर कॉपी काढल्या गेल्या.

'कॅसलव्हेनिया'चा दुसरा भाग, 'सायमन्स क्वेस्ट', याच काळातला. जपानमध्ये १९८७, अमेरिकेत १९८८. त्यातली एक जागा सगळ्यांना ठाऊक आहे: एका कड्याशी लाल स्फटिक हातात धरून गुडघ्यावर बसायचं, काही सेकंद काहीही करायचं नाही, मग वावटळ येते आणि उचलून पुढे नेते. याचा धागा एका लपवलेल्या पुस्तकात आहे, तेही नीट समजेल अशा भाषेत नाही. गावातली माणसं मुद्दाम खोटंही बोलतात. ही कल्पना मला अजून आवडते. परक्या गावात सगळे खरं कशाला सांगतील? पण त्यावर कच्चं इंग्रजी भाषांतर चढलं आणि कोण खोटं बोलतंय नि कुणाचं वाक्यच फसलंय हे ओळखता येईना. खोटेपणा हा खेळाचा भाग असेल तर खरं बोलणाऱ्याची भाषा तरी स्वच्छ हवी. म्हणून या खेळाला मी आजच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्याच निकषावर नापास करतो.

आपल्याकडे यातलं काहीच आलं नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत जे 'व्हिडिओ गेम' शिरले ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होते आणि कॅसेट म्हणजे पिवळ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकमध्ये '६४ इन १'. पुस्तिका नाही, मासिक नाही, फोन करायला कुणी नाही. मामाने लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या अशाच एका कॅसेटमध्ये तोंडातून बुडबुडे सोडणाऱ्या पोराचा खेळ होता. मेच्या सुट्टीत आम्ही चार भावंडं त्याला चिकटलो. किल्ला समोर, खिडक्यांतून आत शिरता यायचं, आणि आत गेल्यावर बाहेर पडायचं दारच नाही. धाकट्या बहिणीने कंटाळून सगळीकडे बुडबुडे मारत सुटल्यावर एका कोपऱ्यात दार उमटलं. आम्ही एवढे ओरडलो की आजी स्वयंपाकघरातून धावत आली. तो हडसन कंपनीचा १९८६चा खेळ होता, इंग्रजीतलं नाव 'मिलॉन्स सीक्रेट कॅसल', हे मला पंधरा वर्षांनी कळलं.

परवा तो पुन्हा खेळलो, या वेळी पुस्तिका शेजारी उघडून. पुस्तिकेनेही फार फरक पडला नाही. शत्रूचा स्पर्श झाला की सावरायला क्षणभरही मिळत नाही, ताकद गळतच राहते. दारं अदृश्य, पैसे अदृश्य, आणि कुठे शोधावं याची खूण नाही. हा खेळ तेव्हाही वाईटच रचलेला होता. त्या सुट्टीत जे चांगलं होतं ते आम्हा चौघांत होतं, कॅसेटमध्ये नव्हतं.

२०२४मध्ये बिली बासोचा 'अ‍ॅनिमल वेल' आला, एकट्या माणसाने बनवलेला प्लॅटफॉर्म गेम. त्यात एका भिंतीवर भलंमोठं चित्र जुळवायचं आहे. त्याचे पन्नास तुकडे आहेत आणि प्रत्येक खेळाडूला त्यातला एकच तुकडा दिला जातो. उरलेले दुसऱ्यांकडे असतात, आणि ते त्यांच्याकडून मागूनच घ्यावे लागतात.