नवी शेळी क्वारंटाइन का करावी?

आमच्या आटपाडीच्या फार्मवरून नेलेली शेळी टेम्पोतून उतरताच जुन्या कळपात सोडली जाते, असे वारंवार आढळल्याने हे माहितीपत्रक प्रत्येक खरेदीसोबत देत आहोत.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरातील करोना रुग्णांच्या बातमीनंतर आणि हातावरच्या शिक्क्यांमुळे क्वारंटाइन हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला, पण तो आजाऱ्यासाठी असतो हा समज मात्र चुकीचा आहे. आजारी जनावर वेगळे बांधणे हा उपचाराचा भाग झाला. क्वारंटाइन करायचे ते धडधाकट दिसणाऱ्याला, कारण लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत मधे काही दिवस जातात.

ही युक्ती व्यापाऱ्यांची आहे. प्लेगच्या धास्तीने रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोवनिक, या बंदराने १३७७ मध्ये असा ठराव केला की, साथीच्या मुलखातून येणाऱ्याने म्रकान बेटावर किंवा त्सावतात गावी महिनाभर राहिल्याखेरीज शहरात पाऊल ठेवू नये. बंदर बंद केले असते तर शहराचे पोट चालले नसते, म्हणून हा मधला मार्ग निघाला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली. व्हेनिसच्या बोलीत चाळीस दिवसांना ‘क्वारांतेना’ म्हणत, त्यावरून आजचा शब्द आला. रोगजंतू ठाऊक नसलेल्या काळातला तो आकडा होता, त्यामागे ख्रिस्ती धर्मातील चाळीस दिवसांच्या उपवासाचाही प्रभाव असावा असे मानतात.

आता मुदत रोगावरून ठरते. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लक्षणे बहुधा ४ ते ६ दिवसांत, तर लाळ्या-खुरकुताची २ ते १४ दिवसांत दिसतात. जंतनाशक पाजणे आणि लसीचा गुण येणे यांसाठीही वेळ लागतो, म्हणून आम्ही ३० दिवस सांगतो. या काळात नव्या शेळीची गव्हाण आणि पाण्याची बादली निराळी असावी, वैरण आधी जुन्या कळपाला घालून मग तिच्याकडे जावे आणि परतताना हातपाय व चपला धुवाव्यात. आठवडी बाजारात नेऊन न विकता परत आणलेली शेळीही नवीच समजावी. नेमके हेच बहुतेकांकडून राहून जाते.

या मुदतीत ताप, हगवण किंवा नाकातून स्राव दिसल्यास शेळी बाजारात न काढता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी व आम्हांसही कळवावे, म्हणजे त्याच खेपेतील शेळ्या नेलेल्या इतर ग्राहकांना वेळीच सावध करता येईल.