शिंजिराच्या घरट्याने ठरवलेली तारीख

सोलापुरातील रेल्वे लाइन्स भागातले आमचे तिसऱ्या मजल्यावरचे भाड्याचे घर मे महिन्यात सोडायचे, असे मार्चमध्येच ठरले होते. नेमका दिवस तेवढा ठरायचा होता. एप्रिलच्या ४ तारखेला गॅलरीतील कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाशी कोळिष्टकांचा एक मळकट झुपका लोंबताना दिसला. पुढच्या काही दिवसांत त्याला गवताच्या काड्या, सालींचे कपटे, वाळकी पाने आणि सुरवंटांची विष्ठा चिकटत गेली, एका बाजूला गोल दार तयार झाले आणि त्या दारावर छोटीशी पडवीही आली. वरवर पाहणाऱ्याला तो वाऱ्याने अडकलेला कचरा वाटावा असाच तो आकार होता, आणि घरट्याचे संरक्षणही त्या वेशांतरातच होते. ते जांभळ्या शिंजिराचे घरटे होते.

चार वर्षे याच गॅलरीतून मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवत आलो आहे, त्यामुळे हा पक्षी ओळखीचा होता. विणीच्या काळात नर उन्हात निळा-जांभळा झळकतो. त्या झळाळीचे कारण पिसांच्या सूक्ष्म रचनेत आहे. तेथे प्रकाशकिरण परावर्तित होताना काही रंग उठावदार होतात, आणि म्हणूनच सावलीत तोच नर निव्वळ काळा दिसतो. विणीचा काळ संपला की तो बराचसा मादीसारखा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. घरटे बांधणे आणि अंडी उबवणे ही दोन्ही कामे एकटी मादी करते. नर पुढे पिलांना भरवण्यात साथ देतो.

या माहितीमुळे घरट्यात डोकावण्याची गरजच पडली नाही, कारण आत काय चालले आहे हे पालकांच्या वागण्यावरून बाहेरून वाचता येते. १९ एप्रिलपासून मादी दीर्घकाळ आत बसू लागली आणि दारातून तिची वाकडी चोच तेवढी दिसू लागली, तेव्हा उबवणे सुरू झाले असे मी धरले. या जातीची अंडी १५ ते १७ दिवसांत फुटतात. ५ मेच्या सकाळी नर व मादी दोघेही चोचीत बारीक कोळी आणि अळ्या घेऊन येऊ लागले, म्हणजे हिशेब जुळला. मधावर जगणारा म्हणून आपण या पक्ष्याला ओळखतो, पण वाढत्या पिलांना प्रथिने लागतात आणि ती मधात जवळजवळ नसतात. पिले साधारण दोन आठवड्यांत उडतात, हे ध्यानात घेऊन सामानाच्या टेम्पोला मी २४ मे ही तारीख दिली. तोवर कपडे खोलीतच वाळले.

शेजारच्या काकूंनी घरटे अलगद काढून समोरच्या झाडाला बांधावे असे सुचवले होते. त्यांचा हेतू चांगला होता, पण जागा बदललेले घरटे पालक बहुतेक वेळा सोडून देतात. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणेही येते. घर आवरताना बाल्कनीतल्या कुंड्या, तारा आणि वातानुकूलन यंत्रामागची फट आधी नीट पाहून घ्यावी, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

सदनिकेतून पक्षी दिसत नाहीत ही समजूत मला मुळीच पटत नाही. जमिनीवरून झाडाच्या बुंध्याकडे पाहणारा माणूस मान मोडून वर बघतो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या डोळ्यासमोर कडुनिंबाचा शेंडा असतो, आणि पुष्कळ पक्ष्यांचा दिवस शेंड्यातच जातो. दुसरे असे की काही पक्ष्यांच्या लेखी इमारत हा कडाच असतो. आपला पारवा कड्यांच्या कपारींत राहणाऱ्या पक्ष्याचा वंशज आहे, म्हणून त्याला झाडाच्या फांदीपेक्षा सज्जाची पट्टी अधिक मानवते. पाकोळीची चारही बोटे पुढच्या दिशेला वळलेली असल्याने तिला तारेवर बसताच येत नाही, उभ्या पृष्ठाला लटकता येते. पिसे आणि गवत लाळेने चिकटवून ती सज्जाखाली घरटे करते आणि जागेपणीचा बहुतेक काळ हवेतच काढते.

आमच्या खिडकीसमोरच्या जुन्या कडुनिंबाची एक फांदी वठलेली आहे आणि तीच सर्वांत मोलाची ठरली. तांबट अशाच मऊ झालेल्या लाकडात घरट्यासाठी भोक कोरतो. त्याचा ‘टुक टुक’ आवाज मिनिटाला शंभराहून अधिक वेळा येतो, आणि दुर्बिणीतून पाहिले तर चोच मिटलेली असताना केवळ गळा फुगत असल्याचे दिसते. त्याच झाडावर कावळ्यांनी काड्या आणि बांधकामाच्या तारा गोळा करायला आरंभ केला की कोकिळेची लगबग वाढते, कारण तिला अंडी त्यांच्याच घरट्यात घालायची असतात. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा लवकर फुटते आणि पिलाला भरवून घेण्याच्या शर्यतीत आघाडी मिळते. कुहूकुहू करणारा काळा नर आणि ठिपक्यांची मादी ही एकाच जातीची आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

आता नोंदींविषयी, कारण माझ्या मते या छंदाचे विज्ञानात रूपांतर होते ते इथेच. पहिल्या वर्षी मी फक्त ‘विशेष’ गोष्टी लिहीत होतो. एके दिवशी शिक्रा आला, एके दिवशी पिंगळा दिसला, अशा त्या नोंदी होत्या. वर्षअखेर लक्षात आले की ज्या दिवसांची नोंदच नाही, त्या दिवशी पक्षी आला नाही की मी पाहिलेच नाही, हे सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षापासून नियम केला: एकच खिडकी, सूर्योदयानंतरची पहिली १५ मिनिटे, दिसलेल्या व ऐकू आलेल्या प्रत्येक जातीची संख्या, आणि नेहमीची जात न दिसल्यास तिच्यापुढे स्पष्ट शून्य. वेळ घड्याळाची न धरता सूर्याची धरली, कारण सोलापुरात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो तर जूनच्या आरंभी सहाच्याही आधी. सात वाजताची नोंद एका महिन्यात पहाटेची, तर दुसऱ्या महिन्यात चक्क उन्हातली ठरली असती.

अशा साध्या याद्या एकत्र आल्या की देशव्यापी चित्र उभे राहते. २०२० साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल १५,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला होता. चिमण्या सर्वत्र नाहीशा होत आहेत या सार्वत्रिक समजुतीला त्याने दुरुस्ती सुचवली: मोठ्या महानगरांत त्यांची घट दिसते, पण देशभराचा विचार करता त्यांची संख्या बऱ्यापैकी स्थिर आहे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या जागतिक परसबाग पक्षीगणनेत १५ मिनिटांची गॅलरीतली यादीही चालते.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हा दुपारी कडुनिंबातले कावळे चोची उघडून बसतात. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. घशातील ओलाव्याचे बाष्पीभवन करून त्यांना अंग थंड ठेवावे लागते आणि त्यासाठी पाणी खर्ची पडते. म्हणून गॅलरीत मातीचा उथळ परळ ठेवावा, पाणी रोज बदलावे आणि परळ घासून घ्यावा, कारण साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. धान्य मात्र मी घालत नाही, त्याने पारव्यांचीच गर्दी वाढते. आमचा परळ आता काकूंकडे दिला आहे.

२० मेच्या सकाळी शिंजिराची दोन पिले तारेवर बसलेली दिसली आणि दुपारपर्यंत ती कडुनिंबात गेली. चार दिवसांनी आम्ही निघालो. जुळे सोलापुरातल्या नव्या घरासमोर जुनी झाडे नाहीत, मोकळे प्लॉट आणि बाभळी आहेत, त्यामुळे तेथील यादी वेगळी असेल हे मी आधीच धरून चाललो होतो. जूनमध्ये मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येणाऱ्या चातकाची तेथे अधिक शक्यता आहे, कारण तो ज्यांच्या घरट्यात अंडी घालतो ते सातभाई त्या बाभळींत थव्याने फिरतात. नोंदवहीत मी नवे पान उघडले असून जुन्या घराचे आकडे त्यात मिसळणार नाही, कारण खिडकी बदलली की मोजमापही नव्याने सुरू होते. त्या पानावरची पहिली ओळ अशी आहे: १ जून, सकाळी ५.५० ते ६.०५, टिटवी २, वेडा राघू ४, होला ३, सातभाई ७, पारवा ९, तांबट ०.