अर्निंग्ज कॉल : चिप आणि दूरसंचार कंपन्यांची प्रश्नोत्तरे

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे तिमाही निकाल जाहीर झाले की तिचे व्यवस्थापन आणि समभाग विश्लेषक यांच्यात फोनवर किंवा वेबकास्टवर जी जाहीर चर्चा होते, तिला अर्निंग्ज कॉल म्हणतात. ही चर्चा साधारण तासभर चालते. आधी कायदेशीर इशारा वाचला जातो. मग मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य वित्त अधिकारी लिहून आणलेले निवेदन करतात. उरलेला वेळ प्रश्नोत्तरांचा. निवेदनातला शब्द न् शब्द वकिलांच्या नजरेखालून गेलेला असतो. प्रश्नोत्तरांचीही कसून तयारी केलेली असते, पण कोण नेमके काय विचारील हे कंपनीच्या हातात नसते. म्हणून या तासाचे खरे मोल उत्तरार्धात आहे.

प्रश्न विचारणारे बहुतेक जण ‘सेल-साइड’ विश्लेषक असतात, म्हणजे ब्रोकरेज संस्थांसाठी कंपनीच्या उत्पन्नाचे अंदाज बांधून अहवाल लिहिणारे. या अंदाजांची सरासरी म्हणजे ‘कन्सेन्सस’. निकाल चांगला की वाईट, हे बाजार त्याच्याशी ताडून ठरवतो. फंडांचे विश्लेषक सहसा नुसते ऐकतात, कारण प्रश्नावरून त्यांची गुंतवणूक कुठल्या दिशेने चालली आहे ते कळते. बऱ्याच कंपन्या प्रत्येकाला एक प्रश्न आणि एक उपप्रश्न एवढीच मुभा देतात. तेवढ्यात ‘पुढचे वर्ष कसे दिसते?’ असे विचारणारा आपली संधी वाया घालवतो. चांगला प्रश्न अरुंद असतो. तो अशा आकड्याला हात घालतो, ज्याचा खरेखोटेपणा पुढच्या एकदोन तिमाहींत तपासता येईल.

चिप कंपनीच्या बाबतीत असा आकडा म्हणजे मालाचा साठा. तो सहसा दिवसांत मोजतात : साठ्याच्या रकमेला विकलेल्या मालाच्या खर्चाने भागायचे आणि तिमाहीतल्या दिवसांनी गुणायचे. समजा, हा आकडा 90 दिवसांवरून 130 वर गेला. नव्या उत्पादनासाठी माल आधीच करून ठेवला असेल, किंवा ग्राहकांनी उचल थांबवली असेल. व्यवस्थापन पहिले कारण सांगणार, हे गृहीत धरावे. मग विश्लेषकाने विचारायचे ते असे : वाढलेल्या साठ्यात तयार माल किती, अर्धवट वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) किती? वितरकांकडे पडून असलेला माल मागच्या तिमाहीपेक्षा वाढला की घटला? रद्द न करता येणाऱ्या मागण्या किती? तयार आणि अर्धवट मालाची फोड अमेरिकी कंपन्यांना 10-क्यू या तिमाही अहवालात बहुधा द्यावीच लागते, त्यामुळे कॉलवरच्या उत्तराची पडताळणी थोड्याच दिवसांत होते.

साठ्याचा प्रश्न ग्रॉस मार्जिनपर्यंत, म्हणजे विकलेल्या मालाचा खर्च वजा जाता महसुलाचा जो वाटा उरतो तिथपर्यंत, पोहोचतो. चिपचा कारखाना पूर्ण क्षमतेने चालो वा अर्ध्या, यंत्रांचा घसारा तेवढाच राहतो. मागणी थोडी घसरली तरी मार्जिन बरेच घसरते. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने 2023च्या मार्चमध्ये संपलेल्या तिमाहीत साठ्याचे मूल्य 1.43 अब्ज डॉलरने खाली आणले. असा माल पुढे विकला गेला की त्याची किंमत हिशेबात आधीच कमी केलेली असल्याने त्या तिमाहीचे मार्जिन फुगते. म्हणून अशा वेळी नुसते ‘मार्जिन सुधारले का?’ हे विचारणे पुरत नाही. सुधारणेपैकी किती वाटा आधीच निर्लेखित केलेल्या, म्हणजे हिशेबात मूल्य उतरवलेल्या, मालाचा आणि किती खऱ्या भाववाढीचा, हे वेगळे करून मागावे लागते.

दूरसंचारात साठ्याच्या जागी ग्राहक येतो. नवे ग्राहक किती जोडले, प्रति ग्राहक सरासरी महसूल म्हणजे आर्पू किती, आणि दरमहा किती टक्के ग्राहक सोडून गेले म्हणजे चर्न किती, ही इथली त्रिसूत्री. चर्नमधला किरकोळ दिसणारा फरक मोठा असतो. महिन्याला 1 टक्का चर्न म्हणजे ग्राहक सरासरी 100 महिने टिकतो, 0.8 टक्के म्हणजे 125 महिने. महागडा फोन जवळपास फुकट देऊन ग्राहक आणला असेल तर ती सवलत वसूल होईल की नाही, हे याच फरकावर ठरते. शिवाय सवलतीचा खर्च हिशेबात करारकाळावर पसरलेला असतो, पैसे मात्र आधीच गेलेले असतात. त्यामुळे जाणकार विश्लेषक नफ्यापेक्षा फ्री कॅश फ्लोकडे, म्हणजे भांडवली खर्च वजा जाता हाती उरणाऱ्या रोख रकमेकडे बघतात.

एप्रिल 2023मध्ये एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीचा पहिल्या तिमाहीचा फ्री कॅश फ्लो अवघा 1 अब्ज डॉलर निघाला. बाजाराची अपेक्षा त्याहून बरीच जास्त होती, आणि शेअर एका दिवसात सुमारे 10 टक्के पडला. फोन उत्पादकांची देणी आणि बोनस यांमुळे पहिली तिमाही नेहमीच हलकी असते, वर्षाचे 16 अब्जांचे लक्ष्य कायम आहे, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. वर्षअखेर आकडा 16.8 अब्ज आला. उत्तर खरे ठरले. पण ते मोजता येईल असे होते, म्हणूनच खरे ठरू शकले, आणि तसे उत्तर मिळवणे हेच विश्लेषकाचे काम आहे.

उलट उदाहरण वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीचे. दुसऱ्या कंपन्यांची जाळी वापरण्याचे भाडे हा रोजचा खर्च. तो या कंपनीने भांडवली खर्च म्हणून लपवला. महसुलाशी या भाड्याचे प्रमाण ती तिमाहीमागून तिमाही सुमारे 42 टक्के दाखवत राहिली, त्याच काळात अख्खा उद्योग मंदीत होता. इतके स्थिर प्रमाण हाच मोठा प्रश्न होता. जून 2002मध्ये 3.8 अब्ज डॉलरचा घोटाळा उघड झाला, पण तो विश्लेषकांमुळे नव्हे, तर सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण पथकामुळे.

दोन्ही क्षेत्रे एकत्र पाहण्याचे कारण साधे आहे : दूरसंचार कंपनीचा भांडवली खर्च म्हणजे उपकरण कंपनीची विक्री, आणि उपकरण कंपनीची खरेदी म्हणजे चिप कंपनीची विक्री. टंचाईच्या काळात प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवतो आणि टंचाई सरली की ती विरून जाते. 2001मध्ये दूरसंचार कंपन्यांची मागणी अशी अचानक आटली तेव्हा नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोला सुमारे 2.2 अब्ज डॉलरचा साठा निर्लेखित करावा लागला. 2023मध्ये उत्तर अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांनी खर्च आवरता घेतला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना उपकरणे विकणाऱ्या नोकियाने 14,000पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. चिप कंपनी ‘मागणी भक्कम आहे’ म्हणते त्याच आठवड्यात तिच्या ग्राहकाच्या ग्राहकाने कॅपेक्स म्हणजे भांडवली खर्च कमी केला असेल, तर एकाचे उत्तर दुसऱ्यासमोर प्रश्न म्हणून ठेवता येते. एकाच क्षेत्राचे कॉल ऐकणाऱ्याला हे सुचणे कठीण.

या संवादाला कायद्याची चौकट आहे. अमेरिकेत 1995च्या कायद्याने भविष्याविषयीच्या विधानांना, योग्य इशारा जोडलेला असेल तर, दाव्यांपासून बरेचसे संरक्षण दिले; कॉलच्या आरंभीचा इशारा त्यासाठीच असतो. ऑक्टोबर 2000मध्ये लागू झालेल्या रेग्युलेशन एफडीने महत्त्वाची माहिती निवडक लोकांना आधी सांगण्यावर बंदी आणली. त्याआधी मोजक्या विश्लेषकांच्या कानावर गोष्टी आधी पडत असत.

हा नियम कुठे मोडू शकतो, हे एटी अँड टीच्याच प्रकरणात दिसते. 2016च्या पहिल्या तिमाहीत जुना फोन बदलून नवा घेणारे ग्राहक फारच घटले होते आणि महसूल कन्सेन्ससपेक्षा कमी पडणार होता. तेव्हा कंपनीच्या गुंतवणूकदार विभागातल्या अधिकाऱ्यांनी सुमारे 20 संस्थांच्या विश्लेषकांना एकेकटे फोन करून अंतर्गत आकडे सांगितले आणि त्यांचे अंदाज खाली आणवले, असा आरोप बाजार नियामक एसईसीने 2021मध्ये केला. डिसेंबर 2022मध्ये कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता 62.5 लाख डॉलर भरून तडजोड केली. जाहीर कॉलनंतर खाजगीत होणारे फोन आजही चालतात, आणि त्यांच्यावर बारीक लक्ष हवेच.

विश्लेषकही नेहमी स्वतंत्र नसतात. सॉलोमन स्मिथ बार्नी या ब्रोकरेज संस्थेचे दूरसंचार विश्लेषक जॅक ग्रबमन यांच्यावर आपल्या संस्थेची गुंतवणूक-बँकिंगची कामे सांभाळण्यासाठी कंपन्यांची भलामण केल्याचा ठपका आला. 2003मध्ये त्यांना 1.5 कोटी डॉलर भरावे लागले आणि या व्यवसायातून आजीव बंदी झाली. त्याच वर्षी दहा बड्या संस्थांशी झालेल्या सुमारे 1.4 अब्ज डॉलरच्या तडजोडीने संशोधन आणि बँकिंग यांच्यात भिंत उभी केली.

कॉलच्या शब्दशः नोंदी आता सहज मिळत असल्याने त्यांवर संशोधनही झाले आहे. डेव्हिड लार्कर आणि अनास्तासिया झाकोल्युकिना यांनी 2012च्या अभ्यासात ज्या कंपन्यांचे हिशेब पुढे चुकीचे ठरले त्यांची जुनी उत्तरे तपासली. त्यांत ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ अशा धाटणीचे दाखले जास्त सापडले, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या बोलण्यात टोकाची उत्साही विशेषणेही. लॉरेन कोहेन, डाँग लू आणि क्रिस्टोफर मलॉय यांनी प्रश्नकर्त्यांचा क्रम पाहिला : अनुकूल मत असणाऱ्या विश्लेषकांनाच जास्त बोलू देणाऱ्या कंपन्यांचे शेअर पुढच्या काळात मागे पडले.